कामगार : शून्य

दुकानाच्या नोंदणीच्या कागदाला मुंबईत 'गुमास्ता' म्हणतात, पुण्याकडे आणि इतरत्र 'शॉप ॲक्ट'. गुमास्ता काढलाय का, असं चालू खातं उघडायला गेलं की बँकेतला साहेब विचारतो. गाळ्याचा दलाल विचारतो, कार्ड घासायचं मशीन घेऊन आलेला मुलगा विचारतो, घरपोच जेवण पोचवणाऱ्या ॲपचा माणूसही विचारतो. नातेवाईकाच्या ओळखीने कर्ज मिळत असेल तर तोही म्हणतो, 'बाकी सगळं मी बघतो, तेवढा शॉप ॲक्ट करून घे.' हा कागद कधीच मागत नाही तो एकच माणूस : दुकानात काम करणारा. कायदा झाला होता त्याच्यासाठी. पण गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लॅमिनेट करून लावलेला तो कागद कामगार खात्याचा आहे, हे बहुतेक नोकरांच्या गावीही नसतं. खरं सांगायचं तर बहुतेक मालकांच्याही नसतं.

नोकराला रात्री घरी जाता यावं आणि आठवड्यातून एक दिवस त्याचा असावा, म्हणून आलेला हा कायदा. पाऊणशेहून जास्त वर्षांत तो मालकाचं ओळखपत्र होऊन बसला. हे कसं झालं, ते पाहायला मंत्रालयापेक्षा झेरॉक्सचं दुकान बरं.

कल्याण पश्चिमेला, स्टेशनपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर एका गल्लीत असंच एक सेवा केंद्र आहे. आठ बाय दहाचा गाळा, दोन कॉम्प्युटर, एक घरघरणारं झेरॉक्स मशीन. बाहेर फ्लेक्सवर यादी : पॅन, आधार, उद्यम, फूड लायसन्स, शॉप ॲक्ट, भाडेकरार, रेल्वे तिकीट. केंद्र चालवणाऱ्याला सगळे दादा म्हणतात. मी गेलो तेव्हा समोरच्या स्टुलावर पोळीभाजी केंद्र सुरू करणाऱ्या एक काकू बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात आधार, पॅन, लाईट बिल, भाडेकरार आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स त्यांनी घरूनच आणल्या होत्या. पण अर्ज ऑनलाइन भरायचा असल्याने त्या झेरॉक्स कुणी मागितल्याच नाहीत.

अर्ज तसा सोपा. आस्थापनेचं नाव, पत्ता, मालकाचं नाव, धंद्याचं स्वरूप, सुरू केल्याची तारीख. दुकानावर मराठी पाटी असल्याचा फोटो जोडावा लागतो. काकूंच्या मोबाइलमध्ये तो होता. फ्लेक्स छापून आला होता, अजून ठोकला नव्हता. पुतण्याने शटरसमोर तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. फोटोत त्याची आठ बोटं आणि खाली गुडघ्यापर्यंतची हाफ पँट दिसत होती. 'चालतं,' दादा म्हणाला, 'अक्षरं वाचता आली की झालं.'

मग कामगारांचा रकाना आला. पुरुष, स्त्री, इतर.

'काकू, माणसं किती?'

'दोघी येतात पोळ्या लाटायला. आणि डबे पोचवायला एक मुलगा ठेवलाय.'

'पगारी?'

'मग काय फुकट येतील?'

'शून्य टाकतो.'

'असं कसं शून्य?'

'काही फरक पडत नाही हो. दहाच्या आत आहेत ना? पावती येणारच. उगाच आकडा टाकायचा आणि उद्या कुणी विचारायला आलं तर तुम्ही मलाच फोन करणार.'

काकू क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी मान हलवली आणि एकच प्रश्न विचारला : 'बँकेत चालेल ना?' चालेल, असं दादाने सांगितलं. थोड्याच वेळात पावती छापून, लॅमिनेट होऊन हातात आली. सरकारी खर्च नावापुरता, दादाची मजुरी वेगळी. काकू लबाड नव्हत्या. पहाटे पाचला उठून पहिल्या दोनशे पोळ्या त्या स्वतःच लाटतात. तिघांचा पगार महिन्याच्या पाच तारखेला न चुकता देतात, असं त्यांनी मला बाहेर पडताना सांगितलं आणि माझा त्यावर विश्वास बसला. त्यांना शून्य लिहायला कायद्याने भाग पाडलं नव्हतं, आणि दोन-एक लिहिल्याने त्यांचं काही बिघडलंही नसतं. दादाचं शून्य हे सवयीचं शून्य आहे. केंद्राकेंद्रांतून, अर्जाअर्जांतून ते असंच टाकलं जातं.

आता थोडं कायद्याचं. महाराष्ट्रात सध्या चालतो तो २०१७ चा 'महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम'. १९ डिसेंबर २०१७ पासून तो लागू झाला आणि १९४८ चा जुना मुंबई कायदा गेला. नव्या कायद्याने दहाची रेघ ओढली. २०२५ पर्यंत नियम असा होता : दहा किंवा अधिक कामगार असतील तर धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत नोंदणी करायची. तिचं प्रमाणपत्र मिळतं आणि ते एका वेळी दहा वर्षांपर्यंतचं काढता येतं. दहाच्या आत असाल तर नोंदणी नव्हती, फक्त 'आम्ही धंदा सुरू केला आहे' अशी सूचना द्यायची. तिची जी पोच मिळते, ती काकूंच्या हातातली पावती. मुंबई शहर आणि उपनगरांत हे काम महापालिकेचं दुकाने व आस्थापना खातं पाहतं, बाकी राज्यात कामगार आयुक्तालय. पावती म्हणजे परवाना नव्हे. जागा अधिकृत आहे का, तिथे तो धंदा करायला मुभा आहे का, यातलं काहीही तिच्यावरून ठरत नाही. तरी व्यवहारात तिला परवान्याचा मान आहे. कारण 'हा माणूस या पत्त्यावर धंदा करतो' असं सरकारी शिक्क्याने सांगणारा इतका स्वस्त कागद दुसरा नाही.

२०२५ पर्यंत दहा किंवा अधिक कामगार असतील तर कायदा बरंच काही देत होता. दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, जादा कामाला दुप्पट मजुरी, आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी. वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा. आठ दिवस सणावाराच्या पगारी सुट्ट्या. त्यांतल्या चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. वर्षात २४० दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पन्नास कामगार असतील तर पाळणाघर, शंभर असतील तर उपाहारगृह. बाईमाणसाला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि घरी सुखरूप पोचण्याची सोय हवी.

आणि दहाच्या आत? यातलं काहीही नव्हतं. किमान वेतनाचा कायदा वेगळा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्याच्या अनुसूचीत 'दुकाने व व्यापारी आस्थापना' हा उद्योग होता, राज्याची परिमंडळं पाडून दर ठरत, विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलत असे, आणि त्याला दहाची अट नव्हती. पण रविवार, रजा, कामाचे तास, जादा कामाचा दाम यांसाठी दुकान कायद्याकडे पाहिलं तर तो म्हणायचा : तुम्ही माझ्या उंबऱ्याबाहेर आहात, पावती घ्या आणि या.

उंबऱ्याबाहेर किती जण आहेत? सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३–१४) देशभरात, पिकांची शेती आणि सरकारी प्रशासन सोडून, सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या आणि त्यांत काम करणारे सुमारे १३ कोटी १३ लाख. म्हणजे एका आस्थापनेमागे सव्वादोन माणसं, मालक धरून. आपल्या गल्लीतली दुकानं डोळ्यांसमोर आणा. वाणी, इस्त्रीवाला, केमिस्ट, सलून, मोबाइल दुरुस्ती, फरसाणवाला. दहा माणसांचं दुकान म्हणजे लग्नाच्या शालूचं नाहीतर सराफाचं.

हे पूर्वी असं नव्हतं. १९४८ चा कायदा अगदी एकट्याच्या दुकानालाही लागू होता. दुकानात नोकर नसो, पोऱ्या नसो, नवरा-बायको दोघंच दुकान चालवत असोत, तरी नोंदणी करावी लागे. वरवर पाहता हा सरकारी चोंबडेपणा वाटेल. पण त्यामागे हिशेब होता.

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. कारखान्यांचा पहिला कायदा त्याच्याही आधीचा, १८८१ चा. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परळच्या गिरणीत काम करणाऱ्याला रविवार होता, पण त्याच परळात त्याला पीठ-मीठ विकणाऱ्या दुकानातल्या नोकराला नव्हता. गिरणीला भोंगा होता, दुकानाला नव्हता. मूळजी जेठा मार्केटातल्या कापडाच्या पेढीवर गुमास्ता, म्हणजे पेढीचा कारकून, सकाळी गादी झटकायला हजर असे आणि रात्री शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर गठ्ठे बांधून, जमाखर्च मिळवून उठे. कित्येक जण पेढीवरच झोपत. गावाहून आलेल्या मुलाला नोकरी आणि निवारा एकत्र मिळतो, म्हणून ते उपकारच मानले जात. मालकाच्या मते तो घरचाच माणूस. आणि घरच्या माणसाचे तास कोण मोजतं?

ब्रिटनमध्ये दुकान-नोकरांना आठवड्याला अर्धा दिवस सुट्टी देणारा कायदा १९११ मध्येच झाला होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३० मध्ये दुकानं आणि कचेऱ्यांसाठी ४८ तासांच्या आठवड्याचा करार केला. मुंबई इलाख्यात १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. कामगारविषयक काम तेव्हा संसदीय सचिव म्हणून गुलझारीलाल नंदा पाहत होते. या मंत्रिमंडळाच्या काळात १९३९ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा झाला. हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. पुढच्याच वर्षी बंगाल, पंजाब आणि सिंधने तसे कायदे केले. महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले. त्यामुळे १५ नोव्हेंबर १९४० ला हा कायदा प्रत्यक्षात लागू झाला तेव्हा तो करणारे सत्तेत नव्हते, आणि राज्य गव्हर्नरचं होतं. मुंबईच्या दुकान-नोकराला पहिली हक्काची सुट्टी इंग्रज गव्हर्नरच्या अमदानीत मिळाली, ती अशी.

या कायद्यांनी धरलेली मेख अशी होती की, नोकराला सुट्टी द्यायची तर दुकानच बंद ठेवायला लावायचं. दुकान उघडं राहिलं तर नोकर येणारच, किंवा शेठ नजरेने बोलावणारच. आणि एकाने बंद ठेवून शेजाऱ्याने उघडं ठेवलं तर गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाणार. म्हणून एकट्याच्या दुकानालाही तोच नियम, तीच वेळ, तोच बंदचा वार. म्हणूनच एकट्याचीही नोंदणी. दादरच्या बाजारपेठेतला सोमवार, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा सोमवार, इतर पेठांचे आपापले वार हे सगळे या तर्कातून पक्के झाले. आपण त्याला त्या त्या बाजाराचा स्वभाव समजत आलो. गिऱ्हाईक बंद शटरसमोरून चडफडत परत फिरायचं, तेव्हा आत कुठेतरी एक माणूस दुपारी झोपलेला असायचा.

१९४८ चा कायदा याच वाटेने पुढे गेला. दुकान कधी उघडायचं, कधी मिटायचं, नोकराने सलग किती तास काम करायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं होतं, आणि सोबत अपवादांची एक अनुसूची, जी वर्षांगणिक शेपटासारखी लांबत गेली. त्याच्या नियमांत हजेरीचं मस्टर, रजेची नोंद आणि निरीक्षकाने शेरा लिहायचं व्हिजिट बुक होतं. डिसेंबर आला की नूतनीकरणाची रांग. डोंबिवलीत पंचेचाळीस वर्षं स्टेशनरीचं दुकान चालवलेले एक आजोबा मला म्हणाले, 'इन्स्पेक्टर यायचा तो बरोबर दिवाळीच्या आधी. व्हिजिट बुकात लिहायचा, सर्व ठीक. मग चहा. मग वह्यांचा एक गठ्ठा त्याच्या मुलांसाठी.' आजोबांकडे दोन नोकर होते. सुट्टी मिळायची का, असं विचारल्यावर ते जरा चिडलेच : 'मंगळवारी दुकानच बंद असायचं, तर येणार कुठे?'

म्हणजे इन्स्पेक्टरराज होतं हे खरं, आणि मंगळवार होता हेही खरं. नव्या कायद्याची चर्चा झाली तेव्हा पहिल्या गोष्टीबद्दल सगळे बोलले, दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

अधूनमधून या कायद्याने न्यायालयांनाही कामाला लावलं. दुकान म्हणजे काय? अहमदाबादचे डॉक्टर देवेंद्र सुरती यांच्या खाजगी दवाखान्यावरून खटला झाला. मुंबईचा १९४८ चा कायदा गुजरातेतही चालत होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६८ मध्ये निर्णय आला की डॉक्टरचा दवाखाना ही काही व्यापारी आस्थापना नव्हे. पेशा वेगळा, धंदा वेगळा. कंपाउंडरच्या रजेचं काय, हा प्रश्न त्यात मागे पडला. २०१७ च्या कायद्याने व्याख्येतच दवाखाना, रुग्णालय, प्रसूतिगृह, वास्तुविशारद, हिशेबतपासनीस, कर सल्लागार यांना घालून टाकलं, आणि पत्रकारितेचं कामही घातलं. म्हणजे ज्या कचेरीत हा लेख सजला तीही आस्थापनाच. संपादकांनी कामगारांच्या रकान्यात काय भरलंय, हे विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

२०१७ चा कायदा घडला तो केंद्राने २०१६ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श कायद्याच्या साच्यावर. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवा, बंदच्या वाराची सक्ती नाही, कामगाराला पाळीपाळीने सुट्टी द्या. निरीक्षक हा शब्द गेला आणि त्याच्या जागी 'सुविधाकार' आला. तपासण्याऐवजी त्याने मार्गदर्शन करायचं. मॉलमधल्या, कॉल सेंटरमधल्या, मोठ्या साखळी दुकानांतल्या माणसांच्या दृष्टीने हे समजण्यासारखं आहे. तिथे शंभर माणसं असतात, पाळी लावता येते. तिघांच्या दुकानात पाळी कशी लावणार? एक गावी गेला की दुसऱ्याचा रविवार गेलाच. त्या तिघांना वाचवणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे शटर खाली ओढायची सक्ती. तीच कायद्याने काढून घेतली, आणि मग तिघांनाही कायद्याबाहेर ठेवलं. धंदा सोपा करायचा म्हणून इन्स्पेक्टरची वही फाडली ते बरंच झालं. पण वहीबरोबर वारही फाडला गेला.

छोट्या दुकानापर्यंत कायदा पोचूच शकत नाही, असं म्हणावं तर पाटीचं उदाहरण आडवं येतं. मराठी पाटीचा नियम पूर्वीपासून होता. २०१७ नंतर दहाच्या आतली दुकानं कायद्याबाहेर पडली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पाट्याही. तक्रारी झाल्या. मग जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली : दहाच्या आत असो वा बाहेर, प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरीत, मराठीत, आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. व्यापाऱ्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये याचिका फेटाळली गेली आणि वर २५ हजारांचा भुर्दंड बसला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. दसरा-दिवाळी तोंडावर आहे, मराठी पाटीचा फायदाच होईल, असंही व्यापाऱ्यांना ऐकवलं. मुदत संपताच नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबई महापालिकेची पथकं रस्त्यावर उतरली.

पाटीच्या बाजूने मी आहे. पण दंड कसा ठरला ते पाहा. पाटी नसेल तर दर कामगारामागे दोन हजार रुपये. ज्या दुकानातल्या कामगारांना रजेसाठी, तासांसाठी, रविवारसाठी कुणी मोजत नाही, त्यांना मोजायला पालिकेचा माणूस दारात उभा राहिला तो पाटीच्या दंडासाठी. मनात आणलं तर विधिमंडळ एका कलमाने सगळ्यात छोट्या टपरीपर्यंत पोचू शकतं, हे २०२२ ने सिद्ध केलं. पाटी पोचली. सुट्टी पोचवायची कुणाला सुचली नाही.

उलट रेघ आणखी वर सरकली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दहाची मर्यादा वीस करायला, रोजचे नऊ तास दहा करायला आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर न्यायला मान्यता दिली. पाठोपाठ ऑक्टोबरच्या सुरुवातीला अध्यादेश आला. दहा ते एकोणीस माणसांची आस्थापना म्हणजे कोणती? तालुक्याच्या गावातलं मोठं कापड दुकान, दोन मजल्यांचं भांड्यांचं दालन, चार खुर्च्यांऐवजी बारा खुर्च्यांचं सलून, मोठ्या डॉक्टरचा दवाखाना. ज्यांच्याकडे कामगारही असतात आणि नियम पाळायची ऐपतही, अशा दुकानांचा हा थर नेमका सुटला. आता त्यांचाही अर्ज कुठल्यातरी दादाकडे जाणार, आणि रकान्यात काय पडेल ते सांगायला नको.

ठाण्याच्या कामगार न्यायालयात अनेक वर्षं कामगारांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या एका वकीलबाईंनी मला या रकान्याचा पुढचा प्रवास सांगितला. 'दुकानातला पोरगा येतो आणि म्हणतो, सात वर्षं काम केलं, काढून टाकलं, दोन महिन्यांचा पगार बाकी आहे. मी विचारते, कागद काय आहे? नेमणूकपत्र नाही, पगार हातात. मोबाइलवर मालकाचे मेसेज असतात, "उद्या लवकर ये" वगैरे. ते आम्ही जोडतो. समोरचा वकील शॉप ॲक्टची पावती काढतो. त्यावर कामगार शून्य. सरकारी कागद आहे म्हणतो, यांच्याकडे नोकर नव्हताच.' तो आकडा मालकाने स्वतःच घोषित केलेला असतो, कुणी तपासलेला नसतो, त्याचं पुराव्यात वजन फार नाही. तरी पोराला तो खोडून काढत बसावं लागतं, आणि तारखांना यायचं म्हणजे नव्या नोकरीत खाडा.

केरळात या बाबतीत वेगळं काही घडलं. कोळिकोडच्या बाजारात कपड्यांच्या दुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर उभं ठेवायची पद्धत होती. बसलं तर पगार कापायचे, स्वच्छतागृहाला जायचीही चोरी. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईने त्यांची संघटना बांधली आणि वर्षानुवर्षं झगडून २०१८ मध्ये तिथल्या दुकान कायद्यात बसण्याचा हक्क घालून घेतला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसंच कलम केलं. आपल्या २०१७ च्या कायद्यात पिण्याचं पाणी आहे, स्वच्छतागृह आहे, प्रथमोपचार आहे, पण बसण्याचं कलम नाही. लग्नसराईत साड्यांच्या कुठल्याही दुकानात जा. गिऱ्हाइकाला गादी, लोड, चहा, आणि समोर शंभरावी घडी मोडणारी मुलगी सकाळपासून उभी.

पण केरळपर्यंत जायची गरज नाही. नोंद दुकानाची न करता माणसाची करायची, हा उपाय महाराष्ट्राने स्वतःच शोधून काढला होता, १९६९ च्या माथाडी कायद्यात. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांत हमाल-माथाड्यांना उभं केलं, पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने तेच केलं. त्यातून मंडळं आली. हमाल कुणा एका शेठचा नोकर नाही. तो मंडळाकडे नोंदलेला, आणि व्यापारीही मंडळाकडे नोंदलेला. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, मंडळ हमालाला पगार देतं, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस बघतं. इथे दहाची रेघ नाही. गाळ्यावर एकच पोतं उतरलं तरी त्याची हमाली लिहिली जाते. या मंडळांचे घोळ आहेत, बोगस टोळ्यांच्या तक्रारी आहेत, वसुली थकते. पण छोट्या धंद्यातल्या माणसाला कायद्याच्या कक्षेत आणता येत नाही, असं म्हणणाऱ्याने एकदा मार्केट यार्डात जाऊन यावं.

पुण्याच्या गुलटेकडीला भुसार विभागात मी एका आडतीच्या गाळ्यावर बसलो होतो. शेठ लग्नाला गेले होते. दिवाणजी गादीवर वही उघडून ज्वारीच्या पोत्यांचा हिशेब लिहीत होते : तोलाई इतकी, हमाली इतकी, लेव्ही इतकी. समोरून पाठीवर पोतं घेऊन जाणाऱ्या हमालाचं नाव त्यांना ठाऊक होतं, त्याचा मंडळाचा नंबरही ठाऊक होता. मी विचारलं, 'हमालाची मजुरी या वहीत आहे. तुमचा पगार कुठे लिहितात?'

'शेठच्या डायरीत.'

'आणि उचल घेतली तर?'

'तीही तिथेच. मंडळाचा भरणा चुकला तर व्याज-दंड बसतो, म्हणून तो आधी करतो आम्ही. आमचं काय, आम्ही घरचेच.'

दिवाणजींच्या घरचेपणाला बावीस वर्षं झाली होती. दुकानातल्या माणसाला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू व्हायला किमान दहा जण लागतात. गाळ्यावर शेठ सोडून सहा होते.